बियाजोच्या नवसाचे चित्र

नुन्झिओने चाकूचे टोक ओल्या रंगात टेकवले. "मास्तर, हा पाठीमागचा काळा कोण?"

"कोणी नाही. अंधार आहे," कोझिमो म्हणाला.

"अंधाराच्या हातात कुऱ्हाड कशी मग?"

उत्तर अख्ख्या गावाला ठाऊक होते. चेस्टनटच्या रानात, कोळशाच्या भट्टीजवळ शेकोटी करून बसलेल्या बियाजोच्या खांद्यात कुऱ्हाड रुतली होती. हाड फुटले, माणूस वाचला. जिवावरचे टळले की त्या प्रसंगाचे चित्र मादोन्ना माउलीच्या चर्चमध्ये टांगून नवस फेडायचा, ही या डोंगरातली रीत. आणि अशी चित्रे रंगवण्यातच कोझिमोचे केस पिकले होते. बैलाने उडवलेले, विहिरीत पडलेले, गोळी चाटून गेलेले, अशा सर्वांचे चेहरे तो काढी. मारणाऱ्याचा चेहरा मात्र त्याने कधीही काढला नव्हता.

"वार मागून झाला. मी कुणाला बघितलं नाही," असे बियाजोने जमिनीकडे पाहत सांगितले होते. बघितले म्हणाला असता तर सूड घेणे भाग होते, आणि घरात लहान लेकरे होती. कोझिमोने ते ओळखले आणि रात्र जाड लिंपली. चित्राच्या लाकडी फळीभर काजळीचा काळा, त्यावर जळक्या मातीचा तपकिरी, मधोमध शेकोटीचा तांबडा-पिवळा. उजेड होता तो बियाजोच्या छातीवर. मागे नुसती आकृती.

"मागून?" नुन्झिओ कडाडला. "मी काय कोंबडीचोर आहे? माझ्या बहिणीवरून बोलला तो. समोर उभं राहून, डोळ्यांत डोळे घालून कुऱ्हाड घातली! हे टांगलंत तर लोक थुंकतील माझ्यावर."

"नाव कुठंय त्यावर?"

"सगळ्यांना ठाऊक आहे!"

"ठाऊक असणं वेगळं आणि दिसणं वेगळं, बाबा. तू समोर आलास की शेकोटीचा उजेड तुझ्या तोंडावर पडणार. मग तोंड काढावंच लागेल."

"काढा की! आईनं काय वाईट तोंड दिलंय मला?"

"नाही काढणार."

नुन्झिओने त्याचा डावा हात मेजावर दाबला आणि तळव्यातून चाकू आरपार खुपसला. लाकडात रुतलेले पाते त्याने हलवून उपसले. "उजवा तुम्हाला ठेवलाय, मास्तर. रंगवा."

कोझिमोने जखमेवर चिंधी आवळली. पाठीमागची आकृती खरवडून काढली, तिच्या जागी काळा भरला. जवसाच्या तेलात रक्ताचे थेंब पडत होते. खिडकीपाशी नुन्झिओ हात उगारून उभा राहिला. कपाळावर पिवळा, गालावर शेंदरी, डोळ्यांत पांढरा ठिपका.

"जबडा जरा रुंद येऊ द्या," तो म्हणाला, आणि स्वतःवरच खूश होऊन हसला.

जत्रेच्या दिवशी फळी चर्चच्या भिंतीवर चढली. बियाजोने ती पाहिली, आणि त्याला पाहताना गावाने पाहिले. एक म्हातारा त्याच्या कानाशी लागला. "आता तरी दिसला का रे?"

दुसऱ्या दिवशी भरबाजारात, कारंज्याजवळ, बियाजोने दुनळी बंदूक नुन्झिओच्या तोंडावर रिकामी केली. कारंज्याच्या पाण्यात दात सापडले. शिपायांनी बियाजोला साखळीत बांधून नेले, तेव्हा त्याची लेकरे दारात उभी होती. रडायचे असते हेही धाकट्याला कळत नव्हते.

हिवाळ्यात पाद्र्याने कोझिमोला बोलावून घेतले. चित्रातला तो चेहरा काळा करून टाकायचा होता. कोझिमो वाटीत काळा रंग घेऊन गेला. डाव्या हाताची बोटे आता मिटत नव्हती, म्हणून वाटी त्याने मनगटाने छातीशी धरली होती. फळीखाली नुन्झिओची आई बसली होती.

"सरका जरा, आगाताबाई."

"मिटवायला आलात?"

"पाद्रीबाबांनी सांगितलंय."

ती सरकली नाही. "त्याचा फोटो कधी काढलाच नाही हो. शवपेटीत ठेवला तेव्हा तोंडच नव्हतं." मग ती वर पाहून म्हणाली, "आणि माझ्याच मेणबत्तीनं काजळी धरली बघा. दिसेनासा झालाय."

कोझिमोने वाटी झाकून बाजूला ठेवली. खिशातला पाव मोडला, आतला मऊ गाभा काढला आणि उजव्या हाताने हळूहळू चेहऱ्यावरची काजळी पुसली. कपाळ, गाल, जबडा. उगारलेल्या कुऱ्हाडीपाशी येऊन तो थांबला. तिच्यावरची काजळी त्याने तशीच राहू दिली.

गाभा काळाठिक्कर पडला होता. टाकायला म्हणून तो दाराकडे वळला, तोच आगाताने हात पुढे केला.

"पाव टाकू नये, मास्तर."

तिने तो काळा गोळा ओठांना लावला आणि ओच्यात बांधला.