अध्यक्षांचं नाव, हिरव्या अक्षरात

निपाणीच्या एका शिक्षण मंडळाच्या कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला, तो १९८५च्या दसऱ्याला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, हलगीच्या तालावर. पुढं मंडळाचे अध्यक्ष आण्णाप्पासाहेब फेटा बांधून चालत होते. आजवर त्यांनी गावाला पुष्कळ काही दिलं होतं, निदान भाषणात तरी. खोलीवरची पाटी मराठीत लावायची का कानडीत, यावरून संचालकांत महिनाभर जुंपली. शेवटी ती इंग्रजीत लागली. दोन्ही बाजूंना ती धड वाचता येईना, म्हणून वाद मिटला.

तानुबाईची लेक अक्काताई बी.कॉम. होऊन वर्षभर घरात बसून होती. एक वर्षाचा डिप्लोमा करा, बेंगळूरपर्यंत नोकऱ्या तुमची वाट बघताहेत, असं कॉलेजच्या जाहिरातीत छापलेलं तिनं वाचलं. तानुबाई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. ती एवढंच म्हणाली, "शीक. वखारीची धूळ माझ्या एकटीच्या छातीत गेली तेवढी बास झाली."

वर्गात चार मुली आणि दहाबारा मुलगे. शिकवायला परशराम मास्तर. मास्तरांचा टायपिंगचा क्लास जोरात चालायचा, तेवढ्या गुणावर मंडळानं त्यांना आठवडाभर पुण्याला धाडून कॉम्प्युटरचे तज्ज्ञ करून आणलं होतं. दिवाळीपर्यंत त्यांनी कॉम्प्युटरचे फायदे लिहून घेतले, दिवाळीनंतर तोटे. प्रॅक्टिकलसाठी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून दिला होता. त्यावर पोरं बोटं बडवत. पुठ्ठा कधीच कुणाची चूक दाखवत नसे, त्यामुळं वर्गाची प्रगती फार चांगली होती.

खरं मशीन कुलपात होतं. त्याला गारवा लागतो म्हणून खोलीत एसी बसवला होता, आणि गावात दुसरीकडं कुठं एसी नव्हता. साहजिकच आण्णाप्पासाहेब दुपारचं जेवण झालं की तिथं खाट टाकून आडवे होत. कुणी भेटायला आलं तर शिपाई सांगे, "साहेब कॉम्प्युटरवर आहेत." गावाला त्यांच्या कष्टाचं कौतुक वाटे.

अक्काताईनं दोनदा जाऊन मशीन वापरायला मागितलं. पहिल्यांदा साहेब म्हणाले, मशीन बिघडलं तर कोण बघणार. दुसऱ्यांदा म्हणाले, परीक्षेच्या दिवशी उघडूच की, तोवर नवं राहू दे. घरी येऊन ती रडली नाही, पण भाकरी अर्धीच खाल्ली. मग तिनं मास्तरांकडून मशीनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मागून घेतलं. मास्तरांनी ते इतक्या खुशीनं दिलं, की डोक्यावरचं ओझं उतरलं जणू. डिक्शनरी मांडीवर घेऊन तिनं ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलं.

तिसऱ्यांदा गेली ती मागायला नव्हे. ती म्हणाली, "साहेब, तुमचं नाव पडद्यावर हिरव्या अक्षरात आणता येतंय. थांबवूस्तवर येतच राहतंय."

साहेबांनी पान चघळायचं थांबवलं. "माझंच?"

"तुमचंच."

"उपाध्यक्षांचं न्हाय न्हवं?"

"न्हाय."

कुलूप निघालं. दोन ओळींचा प्रोग्रॅम होता. अक्काताईनं बटण दाबलं आणि आण्णाप्पासाहेब पडद्यावरून खालून वर धावू लागले, ओळीमागून ओळ. साहेबांनी नकळत चप्पल काढली. एवढ्या वेळा आपलं नाव त्यांनी निवडणुकीतही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून पाहुण्यांची रीघ लागली. संकेश्वरचे व्याही आले, सोसायटीचे डायरेक्टर आले. दरवेळी अक्काताईला वर्गातून बोलावणं येई. मग तिनं सांगितलं, नाव मोठ्या अक्षरात पाहिजे असलं तर सकाळी तयारी करावी लागते, आणि एकटीला झेपत नाही. तिन्ही मैत्रिणींना आत घ्यायची परवानगी मिळाली. साहेबांचं नाव मोठं करता करता पोरी प्रोग्रॅम लिहायला शिकल्या. संचालकांची नावं वयाप्रमाणं लावताना आणखी शिकल्या. दुपारी साहेब घोरत असायचे आणि चौघी पलीकडं हळू बोलत कीबोर्डवर बसलेल्या असायच्या. कधीकधी अक्काताईला स्वतःची लाज वाटे, की आपण विद्या शिकतोय का हुजरेगिरी. पण एके दिवशी तिनं कामगारांच्या पगाराचा हिशेब लिहिला, साहेबांच्या नावाशी काही संबंध नसलेला, आणि उत्तर बरोबर आलं. तिनं तेच आकडे पुन्हा घालून बघितले, पुन्हा तेच उत्तर आलं.

डिप्लोमा झाला. बेंगळूरच्या नोकऱ्या कुणाची वाट बघत नव्हत्या. बेळगावात उद्यमबागेच्या कारखान्यांतल्या एका लोखंड ओतायच्या फाउंड्रीत मात्र कॉम्प्युटर चालवणारं माणूस पाहिजे होतं. मुलाखत घेणाऱ्या साहेबानं विचारलं, आजवर कुठले प्रोग्रॅम केले? अक्काताईनं खरं सांगितलं, "अध्यक्षांचं नाव." तो इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यानं ओव्हरटाइमचा एक हिशेब देऊन तिला मशीनवर बसवलं. त्याचं जेवण होऊन तो परत आला तेव्हा काम झालेलं होतं. तिला नोकरी लागली.

ही बातमी निपाणीत पोचताच मंडळानं सत्कार ठेवला. आण्णाप्पासाहेब भाषणात म्हणाले, ही मुलगी माझ्या डोळ्यांदेखत शिकली. शाल अंगावर घेऊन अक्काताई माईकपुढं आली. "साहेब खरं बोलले," ती म्हणाली, "फक्त डोळे मिटलेले असायचे. दुपारी साहेब झोपले की आम्ही शिकायचो. आता नव्या पोरींनाही रोज मशीन मिळू दे, साहेब जागे असले तरी."

मंडप हसला. सगळ्यांत मोठ्यानं आण्णाप्पासाहेब हसले, त्यांना ती स्तुती वाटली. अर्थ उपाध्यक्षांनी घरी जाताना समजावून सांगितला, सावकाश, चवीनं.

पण तोवर सगळ्या गावानं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात नव्या वर्गाच्या मुली कॉम्प्युटरच्या खोलीच्या दाराशी येऊन उभ्या होत्या. शिपाई म्हणाला, साहेब यायचे आहेत. "येऊ देत की," त्यांतली एक म्हणाली, "आम्ही तोवर बसतो." आणि त्यानं दार उघडलं.