आंदण दिलेला गुंड

मी एक जुना गुंड आहे, मित्रांनो. आमच्या भंडाऱ्याकडे पाणी भरायच्या पितळी भांड्याला गुंड म्हणतात.

भंडाऱ्याच्या एका कारागिराच्या हातोडीखाली मी घडलो आणि आंधळगावला आलो. ‘नवतरुण दल’ ही देशभर पसरलेली संघटना. तिची एक शाखा आंधळगावात शाळेमागच्या खोलीत भरायची. तिथला रिवाज असा, की नव्या सदस्यानं विहिरीवरून मला भरून आणायचं आणि सगळ्यांनी त्याच्या हातचं पाणी प्यायचं. मग भंडाऱ्याला नेऊन माझ्या अंगावर त्याचं नाव ठोकून घ्यायचं.

पहिलं नाव सुखरामचं. मुलींत पहिलं रुखमाचं. ती पाणी घेऊन आली तेव्हा दोन मुलगे उठून गेले होते. दुसऱ्या दिवशी तेच परत आले आणि ओंजळ पुढे करून बसले. रुखमाच्या पाठोपाठ तिची मैत्रीण ललिता आली.

त्याच वर्षी, धानाच्या रोवणीत, रुखमाला साप चावला. तिचा फोटो कधी कुणी काढला नव्हता. शाळेत ती गेली नव्हती. लिहिलेलं असं तिचं नाव एकाच जागी उरलं, माझ्या काठाखाली. ललिता दर शनिवारी मला चिंचेनं घासायची. त्या नावाशी आली, की तिचा हात सावकाश व्हायचा.

ललिताची ललिताबाई झाली, मग आजी. पोरं नागपूर-पुण्याला गेली. शाखेत नऊ जण उरले. यंदा वरून पत्र आलं : लहान शाखा मोठ्या शाखांत विलीन करा. आंधळगाव भंडाऱ्यात.

“म्हंजे आपली शाखा सासरी चालली,” अध्यक्ष चंद्रकुमार म्हणाला. त्याला हसणं काही जमलं नाही.

“मंग रिकाम्या हातानं काहून धाडता?” ललिताबाई म्हणाल्या. “पोरीले आंदण देत नाही का? आपला गुंड द्या.”

नको बाई, असं मला ओरडायचं होतं. पण भांड्याला तोंड असतं ते पाण्यापुरतं.

भंडाऱ्याच्या शाखेचा वीरेंद्र मनानं चांगला. त्यानं मला दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि थेट बाजारात नेलं.

“नवीन नाव टाकाले जागाच नाही,” कारागीर म्हणाला.

“जुनी घासून टाका ना काका. चकाचक करा.”

कानस फिरली. सुखराम गेला. रुखमाशी आली तेव्हा मी इतका थरथरलो, की कारागिरानं मला पायांत घट्ट दाबलं.

विलीनीकरणाच्या कार्यक्रमाला ललिताबाई नात हर्षाला घेऊन एसटीनं आल्या. मी टेबलावर, गळ्यात झेंडूचा हार. त्यांनी मला एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. स्वतःचं नाव त्यांनी शोधलंच नाही.

“वीरेंद्रबाबू, इथली नावं?”

“काकू, सासरी आल्यावर नाव बदलतेच ना!”

सगळे हसले. त्यांचा चेहरा पाहून वीरेंद्रचं हसू मावळलं. “काही चुकलं का, काकू?”

“नाही बाबू. आंदण मीच देल्लं.”

मग त्यांनी माझ्यात हात घातला. ठोकलेल्या अक्षरांचे बारीक उंचवटे आतून अजून शाबूत होते. बोटं काठाखाली येऊन थांबली.

“हर्षा, इथं हात लाव. लागते का?”

हर्षानं डोळे मिटून चाचपलं. “नाही वं आजी. मले तं सपाटच लागते.”

ललिताबाईंनी तिचं मनगट धरून बोटं पुन्हा तिथंच ठेवली. “लागन,” त्या म्हणाल्या. “पुढच्या खेपेले लागन.”

पुढची खेप अजून आलेली नाही. इथं पाण्याला फिल्टर आहे. मी कपाटावर असतो. कार्यक्रम आला, की कुणीतरी मायेनं मला तारेच्या घासणीनं घासतं, बाहेरून आणि आतूनही. ते उंचवटे झिजत चालले आहेत आणि मला काही करता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं भांडं असेल तर जरूर घासा. फक्त आतून घासताना तारेची घासणी बाजूला ठेवा, नुसत्या बोटांनी घासा. तिथं कुणीतरी असेल.