मेलेल्या बाटलीचा फुगा

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशी तर कारणही होतं. शाळेत मी तात्पुरती शिक्षिका होते आणि मोठ्या बाई माझा पाठ बघायला येणार होत्या. पाठ जमला तर नोकरी कायम, नाही तर बसा घरी. विषय होता सजीवांची लक्षणं.

सासूबाईंची बेकरी आहे, म्हणून मी यीस्टचाच प्रयोग ठरवला. दोन बाटल्या, दोन्हींत यीस्ट, साखर, कोमट पाणी आणि तोंडाला फुगे. एका बाटलीतलं यीस्ट मात्र आधी उकळून मारायचं. जिवंत यीस्ट साखर खाऊन वायू सोडणार, त्याचा फुगा फुगणार. मेलेल्याचा तसाच लोंबत राहणार. तयारी मी आईंवर, म्हणजे सासूबाईंवरच, सोपवली आणि उकळायचं विसरू नका म्हणून त्यांचं डोकं खाल्लं.

सकाळी आई बाटल्या टॉवेलात गुंडाळून स्वतःच घेऊन आल्या. सून काय शिकवते ते बघू तरी, म्हणत मागच्या बाकावर मोठ्या बाईंच्या शेजारी बसल्या. उकळलेली कुठली, असं विचारलं तर त्यांनी कशीबशी एका बाटलीकडे मान हलवली. मी तिच्यावर ‘मेलेलं’ अशी चिठ्ठी डकवली.

थोड्या वेळाने जिवंत बाटलीचा फुगा डुलायला लागला. पोरं खूश. मग मेलेल्या बाटलीचाही उठला. नुसता उठला नाही, पहिल्यापेक्षा टुमटुमीत झाला. वर्गात खसखस पिकली. मोठ्या बाईंचं पेन थांबलं.

मी आईंकडे पाहिलं. गृहपाठ न केलेल्या मुलीसारख्या त्या उभ्या राहिल्या.

“मारवेना गं मला,” त्या म्हणाल्या. “रोज ज्याला जपते, त्याला उकळत्या पाण्यात कसं टाकू?”

खोटं कशाला बोलू, चांगली तडकणार होते. तेवढ्यात पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची चिमुरडी म्हणाली की चिठ्ठीच चुकलीय, हे मेलेलं नाहीच. मी विचारलं, कशावरून? मग जी पोरं सुटली! ते खातं, ते वायू सोडतं, म्हणजे श्वसन आलंच. वाढतं, एकाचे अनेक होतात. फळ्यावर लिहायला मी घोकून आणलेली लक्षणं त्यांनीच सांगून टाकली आणि मी आपली खडू घेऊन त्यांच्या मागे धावतेय. एकाने विचारलं, मग हे झाड की प्राणी? पानं नाहीत, पायही नाहीत. मी म्हटलं, दोन्ही नाही, ही बुरशी, अळंबीची चुलत बहीण.

आईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पावावर बुरशीचा ठिपका दिसला तरी त्या गिऱ्हाइकाची माफी मागतात, आणि इथे सून सांगतेय की आख्खा पाव बुरशीच्याच जिवावर फुगतो. वर्ग हसून लोटपोट झाला आणि सगळ्यांत मोठ्याने आईच हसल्या.

तास संपल्यावर मोठ्या बाई जवळ आल्या. चेहऱ्यावरची माशी हलेना. प्रयोग फसला, त्या म्हणाल्या. तुलनेला मेलेलं यीस्टच नसेल तर सिद्ध काय झालं? मी मान खाली घातली. खरंच होतं ते.

“पुढच्या वर्षी हा पाठ घ्याल,” त्या म्हणाल्या, “तेव्हा उकळायचं काम स्वतः करा.”

पुढच्या वर्षी! माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला, आईंना मात्र लगेच कळलं. त्यांनी भर वर्गात मला मिठी मारली, आणि मी पोरांसमोरच आनंदाने भोकाड पसरलं.