होडी, आतल्या सगळ्यासह

धारच्या दरबारात कारकुनी करून केस पिकले माझे. मला कोण फसवणार? नर्मदेतल्या बेटावरच्या महादेवाला रोज जायचं म्हणून धरमपुरीच्या बुधा केवटाची जुनी होडी घेतली. फळी न् फळी ठोकून पाहिली. खरेदीखतही मीच लिहिलं: ‘होडी, वल्ही, दोर आणि आत जे काही असेल त्यासह.’

“सब कुछ, पंतजी?” बुधानं दोनदा विचारलं.

“लिहिलंय ना! अंगठा उमटव,” मी खेकसलो. अंगठा उमटवून तो ढसाढसा रडला.

आता होडीत मी एकटाच असतो, तरी ती मागून दबते. मागची फळी भर उन्हातही ओलीच. काल वैतागून होडी परत करायला गेलो. बुधा काठावरूनच माझ्या पाठीमागच्या रिकाम्या फळीकडे बघत म्हणाला, “रो मत, बेटी. अब पंतजी ही तेरे बाप.”