कोचिमींची उरलेली फळी

मी एक फळी बोलतेय. फळी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातली डबे ठेवायची फळी आली असेल, तर तुमचा दोष नाही. मी रांजणाचं झाकणसुद्धा होऊन बसले आहे, तेव्हा आता कशाचंच वाईट वाटत नाही. हातभर लांबी, दीड वीत रुंदी, मधोमध एक भोक आणि अंगावर तांबड्या-काळ्या रेघा, एवढाच माझा अवतार. नागपूरच्या एका कॉलेजात जुन्या वस्तूंची एक खोली आहे. तिथल्या काचेच्या कपाटात मी गेली सव्वीस वर्षं उभी आहे.

माझा जन्म मात्र इथून फार लांबचा. मेक्सिको देशाच्या पश्चिमेला जमिनीची एक लांबच लांब पट्टी समुद्रात घुसली आहे; तिलाही कॅलिफोर्नियाच म्हणतात. दोन्ही बाजूंना पाणीच पाणी आणि मधे प्यायला थेंब नाही. आपल्या उन्हाळ्याची नागपूरकरांना फार ऐट. त्यांनी एकदा तिकडचं ऊन खाऊन पाहावं. त्या पट्टीच्या मधल्या भागात कोचिमी नावाचे लोक राहत. मी त्यांची.

ते शेती करत नसत, घरं बांधत नसत. पाणी असेल तिथे जायचं आणि ते आटलं की पुढे चालू लागायचं. निवडुंगाला पिताया नावाची गोड फळं लागली की त्यांची दिवाळी. पोट फुटेस्तोवर खायचे, आणि नंतर पोटातून बाहेर पडलेलं बीसुद्धा वेचून, भाजून, दळून पुन्हा खायचे. नाक मुरडू नका. पाऊस जिथे वर्ष वर्ष तोंड दाखवत नाही, तिथे माणूस दाणा वाया घालवत नाही. मांसाचा तुकडा दोरीला बांधून गिळायचा, दोरीने परत ओढून काढायचा आणि शेजारच्याला द्यायचा, असंही ते करत. एका तुकड्यात सगळी पंगत उठायची. मोजताना पाच आले की ते 'एक अख्खा हात' म्हणत. मला हे मोजणं फार आवडायचं.

त्यांच्यातला जो जाणता, त्याला गुआमा म्हणत. मला त्यानेच घडवलं. कोणी मेलं की घरचे लोक आपले केस कापून त्याला देत आणि त्या केसांचा तो झगा विणी. गेलेल्यांच्या आठवणीच्या दिवशी तो झगा पांघरून तो मला तोंडासमोर धरी, माझ्या भोकाला ओठ लावी आणि गेलेल्या माणसांच्या आवाजात बोले. बायका हुंदके देत. पोरं आयांना बिलगत. माझ्या अंगावरच्या रेघांत काय लिहिलंय ते त्या सगळ्यांना कळत होतं. तेवढं सुख पुन्हा मला कधी मिळालं नाही.

मग समुद्रापलीकडून पाद्री आले. त्यांनी आमच्या माणसांना एका जागी बसवलं, कपडे घातले, प्रार्थना शिकवली, आणि माझ्या बहिणींचा ढीग करून पेटवून दिला. माझ्या गुआमाने मला एका गुहेत दगडांमागे दडवलं. 'येतो' म्हणून गेला. त्याच सुमाराला परक्यांबरोबर आलेले रोग वस्त्यांमधून फिरू लागले होते. तो आला नाही, दुसरंही कोणी आलं नाही. एवढी वर्षं मी त्या गुहेत काढली की माझ्याशी बोलणारी भाषाच बाहेर संपून गेली, आणि ते मला कळलंसुद्धा नाही.

पुढे त्या भागात तांब्याची खाण निघाली. तिथल्या एका मजुराने मला बाहेर काढून खाणीवरच्या गोऱ्या साहेबाला दिलं. हा साहेब नंतर नोकरी बदलून मॅंगनीजच्या खाणीवर आला, तो थेट नागपूरजवळच्या खाप्याला. त्याच्या मडमेने माझ्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली होती. तीवर माझा सगळा पत्ता होता. स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, बंगल्यातलं सामान गावात ज्याच्या त्याच्या घरी गेलं आणि मी चंपतराव नावाच्या संत्र्याच्या बागवाल्याकडे पोचले. त्यांनी मला रांजणावर ठेवलं. बारा-तेरा वर्षं ओल खाऊन चिठ्ठीचं कोपऱ्यापुरतं अक्षर शिल्लक राहिलं.

एकसष्ट सालच्या धोंड्याच्या महिन्यात चंपतरावांचे जावई मनोहरराव पाहुणचाराला आले. हे कॉलेजात आदिवासींचा विषय शिकवत. हात धुवायला म्हणून उठले आणि मला पाहून रांजणापाशीच थांबले.

"मामंजी, हे कुठून आणलं तुम्ही?"

"ते होय? जुनी फळी होय जी, साहेबाच्या बंगल्यातली. काहून?"

"अहो, ही कोरकूंची आहे. मेळघाटातले कोरकू मेलेल्या माणसाच्या नावाने लाकूड कोरून झाडाखाली उभं करतात. हे पाहा, हे भोक म्हणजे सूर्य. आणि ही वाकडी रेघ आहे ना, हा घोडा."

मला घडवणाऱ्याने तेव्हा जन्मात घोडा पाहिला नव्हता. पण जावई बोलला की सासऱ्याने मान डोलवायची, ही इकडची रीत. चंपतराव हसून म्हणाले, "धोंड्याच्या महिन्यात जावयाले भोकाभोकाचंच वाण द्या लागते. अनारशाले भोकं, बत्ताश्याले भोकं. हिले तं येवढं मोठं भोक आहे. न्या बापू, घेऊन जा."

अशी मी अनारशांच्या डब्यासोबत नागपूरला आले. मनोहररावांनी माझ्यावर एक लेख लिहिला, माझा फोटो छापला आणि खाली लेबल लावलं, 'कोरकू मृतस्मारक, अतिप्राचीन'. त्यांनी मेळघाटातून आणलेली तीन खरी स्मारकंही त्याच खोलीत होती. ती अस्सल सागाची होती, चंद्र-सूर्य आणि घोडेस्वार कोरलेली. पण खोलीची निगा कोण राखणार? साग असूनही चार वर्षांत वाळवीने तिन्ही फस्त केली. माझ्या लाकडापुढे वाळवीने हात टेकले. कोरकूंचं म्हणून त्या खोलीत जे उरलं ते एकटी मी, आणि मी कोरकूंची नव्हतेच.

मुलं यायची, लेबल वहीत उतरवून निघून जायची. माझ्याकडे बघायचंही त्यांना काम पडत नसे. परक्या नावाने ओळखलं जाण्यात जो एकटेपणा आहे तो गुहेतसुद्धा नव्हता. गुहेत निदान मला कोणी चुकीच्या नावाने हाक मारत नव्हतं.

सदुसष्टमध्ये यमुताई नावाच्या बाई शिकवायला आल्या. एकट्या राहणाऱ्या, चष्म्याला दोरा बांधलेल्या. एकदा कपाट साफ करताना त्यांनी मला उलटं केलं आणि चिठ्ठीचा उरलेला कोपरा पाहिला. त्यावर 'कॅलिफोर्निया' या शब्दाचं शेपूट होतं. झालं, बाई पेटल्या. परदेशी पत्रं लिहिली, आठ-आठ महिन्यांनी उत्तरं आली, आणि जुन्या पाद्र्यांनी लिहून ठेवलेल्या पानांच्या नकला आल्या. ज्यांनी माझ्या बहिणी जाळल्या त्यांच्याच वह्यांत आमचे चार शब्द तेवढे शिल्लक होते. दैवाचा खेळ म्हणतात तो असा. एका दुपारी यमुताईंनी ते शब्द माझ्यासमोर मोठ्याने वाचले. उच्चार अगदी नागपुरी होते. तरी मला भरून आलं. पाचाला एक अख्खा हात म्हणतात हे वाचून त्या हसल्या आणि आपला पंजा काचेवर ठेवला.

त्या मनोहररावांकडे गेल्या. ते शांतपणे म्हणाले, "यमुताई, लेख छापून झाला आहे." विषय तिथेच संपला. त्यांच्या निवृत्तीपर्यंत थांबायचं यमुताईंनी ठरवलं. मला माझं नाव परत हवं होतं, आणि ते मिळायला एका माणसाचं वय व्हायची वाट पाहायची होती. मीही थांबले.

मधेच बायजाबाई आली. एकाहत्तर साल, दिवाळी नुकतीच सरलेली. शहराच्या नंदनवन भागात नवी घरं बांधली जात होती, तिथे ती कामाला होती. हातापायांवर वाळलेलं सिमेंट. दारात शिपाई नानाजीने अडवलं.

"काय पाहिजे वं बाई?"

"माझ्या बापाचं लाकूड इथं आणलं म्हणते. मेळघाटातून, धारणीकडून. जीपगाडीत टाकून आणलं."

नानाजी मनाचा चांगला. तो गडबडला. "कोरकूचं आता हे एकच उरलं वं. बाकीचे वाळवीनं खाल्ले."

ती माझ्यासमोर येऊन बराच वेळ उभी राहिली. मग खाली बसली, पदराच्या गाठीतली हळद काढून काचेच्या कडेला बोट टेकवलं आणि बोलू लागली. ते मराठी नव्हतं. मला एक शब्द कळला नाही, पण असा सूर मी ओळखत होते. उठताना तिने नाव घेतलं, भुरा कासदेकर. नानाजी कामासाठी बाहेर गेला होता. ते नाव ऐकणारी मी एकटीच होते.

पुढे दर वर्षी दिवाळी झाली की ती यायची. घटकाभर बसायची, बापाशी बोलायची, त्याचं नाव घ्यायची आणि जायची. यमुताई दारातून तिला बघायच्या आणि आत न येता परत फिरायच्या. मला लाज वाटायची. मी कोणाचा बाप होऊन उभी होते?

अठ्ठ्याहत्तरमध्ये मनोहरराव निवृत्त झाले. यमुताईंनी सुरेख अक्षरात नवीन लेबल लिहिलं. त्यावर 'कोचिमी' हा शब्द मी काचेतून वाचला. आता लागेल, उद्या लागेल, म्हणून मी दिवस काढत होते. लेबल टेबलाच्या खणात गेलं आणि तिथेच राहिलं. यमुताई रोज खण उघडायच्या, ते बघायच्या आणि खण बंद करायच्या. बायजाबाईला काय सांगायचं, हे त्यांना सुचत नव्हतं. त्या माउलीचा बाप दुसऱ्यांदा हिरावून कसा घ्यायचा? मला त्यांचा राग आला, हे कबूल करते. दीडशे-दोनशे वर्षं बिननावाची राहिलेली मी, आणि माझं नाव दोन हातांवरच्या खणात. पण बायजाबाई येऊन बसली की तोच राग मला माझा वाटेना.

शेवटी दुसऱ्या वर्षी यमुताईंनी धीर केला. बायजाबाईच्या शेजारी जमिनीवरच बसल्या.

"बायजाबाई, एक सांगायचंय. मनाला लावून घेऊ नका. ही फळी तुमच्या वडिलांची नाही. तुमच्या लोकांचीच नाही ही."

बायजाबाईने मानसुद्धा वळवली नाही. "ते तं मले पयल्याच दिवशी समजलं, मॅडम. आमच्या लाकडावर घोडा राहते, घोड्यावर माणूस राहते. वरतं चांद-सूर्य राहते. हिच्यावर तं नुसत्या रेघोट्या आहे."

"मग आठ वर्षं कशाला येत राहिलात?"

"माझ्या बापाचं वाळवीनं खाल्लं. मले रडाले जागा नाही राहिली. आन् हिच्यापाशी बी कोणी येऊन नाही राहिलं. म्हटलं, दोघीचंही भागते."

"मला सांगायचं तरी."

"तुम्ही बी तं नाही सांगितलं."

एकमेकींचं मन राखायला दोन शहाण्या बायकांनी मिळून मला बिननावाचं ठेवलं होतं. मला रडावं की हसावं कळेना.

"कोणाची होय मंग?" बायजाबाईने विचारलं.

"कोचिमी नावाचे लोक होते. समुद्रापलीकडचे."

"होते? आता नाही काय?"

"त्यांच्या रक्ताचे असतील कुठे कुठे. ती भाषा बोलणारं मात्र कोणी उरलं नाही."

बायजाबाई म्हणाली, "माझ्या पोरी बी कोरकू बोलत नाही, मॅडम. नागपुरात लाजतात."

यमुताईंनी उठून कपाट उघडलं आणि मला तिच्या मांडीवर दिलं. काचेशिवाय माणसाचा हात लागून किती काळ लोटला होता! तिने सगळा पंजा माझ्यावर ठेवला. सिमेंटने चिरा पडलेली पाच बोटं, एक अख्खा हात. "कोचिमी," ती म्हणाली. मग यमुताईंच्या हातातून लेबल घेऊन तिनेच मला लावलं. वाकडं लागलंय ते. कोणी सरळ केलेलं नाही आणि करूही नये.

त्यानंतरही ती येत राहिली. पाच दिवाळ्या आली. आता ती आधी माझं नाव घ्यायची, मग बापाचं.

पुढे यमुताई निवृत्त होऊन हुडकेश्वरकडे भावाच्या घरी राहायला गेल्या. नानाजीही गेला. आता सत्त्याऐंशी साल आहे. तीन दिवाळ्या झाल्या, बायजाबाई आलेली नाही. काम संपून गावी परतली असेल, आजारी असेल, काहीही असेल. बांधकामावरच्या बाईची खबर कॉलेजात कोण आणणार? दिवाळीनंतरच्या दुपारी दार वाजलं की मी अजून तिकडे बघते. मला तिची फार आठवण येते.

तुम्ही कधी या खोलीत आलात, तर लेबल नुसतं वहीत उतरवून जाऊ नका. मोठ्याने वाचा, कोचिमी. उच्चार चुकला तरी चालेल, दुरुस्त करणारं कोणी नाही. आणि त्यापाठोपाठ लेबलवर नसलेलं एक नाव घ्या. भुरा कासदेकर, धारणीकडचा. मनोहररावांचं एवढं एक शेवटी खरं झालं. मी एका कोरकू माणसाचं स्मारक होऊन बसले आहे. बायजाबाई आता नसेल, तर त्याचं नाव माझ्याशिवाय कोणाजवळ आहे की नाही, मला ठाऊक नाही.