ओल्या मनगटाचा आकडा

नखं कुरतडायची सवय मोडणारा पट्टा कंपनीत तयार होत होता. हात तोंडाकडे गेला की मनगटाला बारीकसा झटका. तो किती बारीक, हे मोजायचं काम मीटरताईंचं. त्यांच्या सहीशिवाय माहितीपत्रक छपाईला जात नसे, आणि ताई नाकावर माशी बसू देणाऱ्यातल्या नव्हत्या.

पत्रकात होतं: झटका जास्तीत जास्त चार मिलिअँपिअर. कोरड्या कातडीइतका अडथळा असलेला रेझिस्टर जोडून, थंडगार एसीत सगळे असंच मोजत आले होते. ताईंनीही सहा वर्षं तसंच मोजलं होतं. पण यंदा पट्टा शाळकरी मुलांसाठी निघणार होता. मूल खेळून आलं की पट्ट्याखाली घाम साचणारच, ही साधी गोष्ट आपल्याला इतक्या उशिरा सुचावी याची त्यांना लाज वाटली. त्यांनी वाटीत मिठाचं पाणी घेतलं, मनगट भिजवलं, पट्टा चढवून मीटर जोडला आणि बटण दाबलं. हात असा उडाला की पेनांचा डबा खाली गेला. आकडा आला सतरा.

त्यांनी पत्रकातले चार खोडून सतरा लिहिले.

"अहो ताई, घामाचं कोण विचारतंय?" साहेब म्हणाले. "नियमात कोरडी कातडी आहे."

"नियम खेळायला जात नाही, साहेब. मुलं जातात."

"मग मुलांना सांगू, घाम आला की पट्टा काढा."

"मुलं सांगून ऐकत असती तर तुमचा पट्टा लागलाच कशाला असता?"

साहेबांचा पारा चढला. "चारवर सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"नाही करणार. आजवरच्या सह्याच मला जड झाल्यात."

साहेबांनी पत्रकाची चार लिहिलेली दुसरी प्रत काढून शेजारच्या टेबलावर ठेवलं. तिथे ताईंची धाकटी जाऊ बसायची. ताईंनीच तिला कामाला लावलं होतं, पण सासूच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून वर्षभर दोघींतून विस्तव जात नव्हता. साहेबांना ते पक्कं ठाऊक होतं.

"आजपासून मुख्य तपासनीस तुम्ही," ते जावेला म्हणाले. "इथे सही करा."

ताईंनी मनात म्हटलं, ही करणार. का नाही करणार? पगार वाढेल, वर मोठीचं नाक कापल्याचं समाधान फुकटात.

जावेने पत्रक वाचलं. पेन उघडलं, पुन्हा बंद केलं आणि बाही वर सारली. "स्वतः मोजल्याशिवाय मी सही करत नाही. ताईंनीच शिकवलंय."

तिने मनगट वाटीत बुडवलं, पट्टा चढवला, मीटर जोडला. बटण दाबताच खुर्ची मागे सरकली आणि तिच्या तोंडून एक शिवी गेली. ती साहेबांना लागली असेल तर लागो.

"अठरा," ती म्हणाली. चार खोडून तिने आकडा लिहिला आणि खाली सही ठोकली. "आणि माझी कातडी जाड आहे, साहेब. मुलांची नसते."