रंग पालटणारा थेंब

आई फेब्रुवारीत गेली आणि सप्टेंबरात पद्मजानं बाबांना नव्वद दिवसांच्या व्हिसावर परदेशी, आपल्या घरी बुइटनव्हेल्डर्टला आणलं. उल्हास गुळवणी सांगलीच्या एका सायन्स कॉलेजात चौतीस वर्षं केमिस्ट्रीचे लॅब असिस्टंट होते. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तरी मंगळवारी आणि गुरुवारी ते लॅबमध्ये जात आणि प्रॅक्टिकलची द्रावणं करून ठेवत. पगार नव्हता. एक कप चहा मिळे आणि पोरं "गुळवणी काका" म्हणत, तेवढं त्यांना पुरे.

पद्मजाच्या घरात त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. ती सकाळी आठला सायकलवर टांग मारून झाउदास भागातल्या ऑफिसला जाई, ती साडेसहाला परत. घटस्फोटानंतर तिनं तळमजल्यावरचा हा लहानसा फ्लॅट घेतला होता आणि त्यातली अर्धी भिंत चार फुटी काचेच्या टाकीनं व्यापली होती. टाकीत खारं पाणी, सहा मासे आणि पोवळी. जांभळ्या टोकांची, फांद्या फुटलेली, हिरवी, नारिंगी. परत मायदेशी निघालेल्या एका कुटुंबाकडून तिनं ती टाकी घेतली होती आणि तीन वर्षांत एकेक तुकडा लावून भरली होती. एकटं राहायला लागल्यापासून ती संध्याकाळी टीव्ही लावत नसे, टाकीसमोर बसे.

"ही जिवंत आहेत?" पहिल्या दिवशी बाबांनी विचारलं होतं. "मी आपला अंगठीतलं पोवळं समजून चाललो होतो."

"जिवंत आहेत, आणि भयंकर नाजूक. पाण्यात जरा कमी-जास्त झालं की गेली."

"म्हणजे पाणी तपासायला लागत असेल."

तिनं तपासणीचा डबा काढून दाखवला आणि बाबांचा चेहराच बदलला. डब्यात काचेची कुपी, सिरिंज, दोन लहान बाटल्या. टाकीतलं पाच मिली पाणी घ्यायचं, त्यात एका बाटलीतले दोन थेंब टाकले की पाणी निळं होतं. मग दुसऱ्या बाटलीतलं द्रावण थेंबाथेंबानं सोडायचं. एका थेंबाला निळ्याचं पिवळं होतं. तोवर किती लागलं, त्यावरून पाण्याची अल्कलिनिटी कळते. पोवळी आपला सांगाडा त्यातूनच बांधतात.

"हे तर आपलं टायट्रेशन!" बाबा म्हणाले. "पद्मा, हे तू माझ्यावर सोड."

तिनं सोडलं. रोज सकाळी अकराला ते कुपी घेऊन खिडकीशी उभे राहत, पांढरा कागद मागे धरत, आणि आकडा फ्रिजवरच्या चिठ्ठीवर लिहीत. आठ. आठ. सात पूर्णांक नऊ. आठ. आई गेल्यापासून पहिल्यांदाच ते जेवताना आपणहून बोलायला लागले होते.

महिन्याभरानं डबा संपला आणि तिनं नवा मागवला. नव्या डब्यातला पहिलाच आकडा सहा आला. दुसऱ्या दिवशीही सहा.

"पोवळी वाढताहेत म्हणून जास्त खाताहेत," पद्मजा म्हणाली. तिनं आकडा वर आणणारी बफरची पावडर रोज थोडी वाढवत नेली. आठ-नऊ दिवसांत आकडा परत आठवर आला. दोघांना बरं वाटलं.

त्यानंतरच्या आठवड्यात जांभळ्या फांद्यांची टोकं पांढरी पडली. आधी नखाएवढी, मग बोटाच्या पेराएवढी. हिरव्या पोवळ्याचं मांस बुडापासून सुटायला लागलं, पाण्यात सालपटासारखं हललं, आणि खाली नुसता चुन्यासारखा सांगाडा राहिला. पद्मजा ऑफिसातून आली की कोट न काढता टाकीपाशी जाई. तिनं दिवे मंद केले, प्रवाहाचे पंप हलवले, पाणी बदललं. रोज एखादी फांदी जातच होती.

एका गुरुवारी ती घरी आली तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर लिटरचं माप, कॉफी मोजायचा वजनकाटा, डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन आणि खायच्या सोड्याचं पाकीट मांडलेलं. बाबा तिची वाटच बघत होते.

"पाण्यात दोष नाही, पद्मा. नवी बाटली खोटं बोलतेय."

"म्हणजे?"

"अडीच ग्रॅम सोडा लिटरभर पाण्यात विरघळवला. त्यातलं शंभर मिली काढून पुन्हा लिटर केलं. त्याचा आकडा आठ पूर्णांक तीन यायलाच हवा, गणित आहे ते. तुझ्या बाटलीनं तपासलं तर सहा येतात. तीनदा केलं, तीनदा सहा. म्हणजे टाकीत आठ दिसतात तेव्हा खरे अकरा असणार. आपण उगाच पावडर ओततोय. तेच त्यांना भाजतंय."

त्या दिवशी ऑफिसात तिचं वाजलं होतं. टाकीत तिनं सगळ्यात आधी लावलेलं नारिंगी पोवळं सकाळीच सुटून खाली पडलं होतं. तिनं सोड्याच्या पाकिटाकडे बघितलं.

"बाबा, केकच्या सोड्यानं आणि कॉफीच्या काट्यानं तुम्ही कंपनीची बाटली खोटी ठरवणार?"

"सोडा सोडाच असतो गं."

"आज टाकीचा आकडा किती आला?"

"सात पूर्णांक आठ."

तिनं ओट्यावरच्या दिव्याखाली स्वतः तपासलं. तिला आठ पूर्णांक सहा आले.

"बघा. एकाच पाण्याचे दोन आकडे."

"दिवा पिवळा आहे, पद्मा. रंग दिवसाच्या उजेडात..."

"दिवा नाही, बाबा! तुम्हाला दिसत नाही. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दोन वर्षं टाळताय. सिरिंज धरता तेव्हा हात थरथरतो, मी बघते ना. तुमच्या आकड्यांवर विसंबून मी डोस देत बसले आणि माझी पोवळी मेली."

बाबांनी आपला हात पुढे धरून एकदा बघितला, उलटा-सुलटा. मग म्हणाले, "असेलही." कुपी धुतली, पुसली, डब्यात ठेवली, लिटरचं पाणी मोरीत ओतून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून ते टाकीकडे फिरकले नाहीत. पद्मजाच तपासत राहिली, त्याच बाटलीनं, ऑफिसातून आल्यावर त्याच दिव्याखाली. आकडा आठच्या आसपास ठेवण्यासाठी पावडर चालूच होती.

बाबांना राहायला अजून महिना होता. ते सकाळी फिरायला जात, मग मागच्या दाराशी पेपर घेऊन बसत. तिनं रागाच्या भरात बोलल्याचं तिला दुसऱ्याच दिवशी वाईट वाटलं होतं. पण म्हणणं आपलं खरंच आहे, मग माफी कशाची मागायची, असं म्हणून तिनं ते तसंच राहू दिलं. एकदा ते दोन मोजे घेऊन तिच्याकडे आले.

"हे निळे आहेत की काळे गं?"

"निळे."

"दोन्ही?"

"दोन्ही निळे, बाबा."

त्यांनी मान हलवली. नंतर सुपरमार्केटात त्यांनी केळी हातात धरून विचारलं, पिकलीत का. औषधाच्या गोळ्या काढून दाखवल्या, गुलाबीच आहे ना ही. पद्मजा उत्तरं देत राहिली. डोळे दाखवून घ्यायचं तरी आता मनावर घेतील, असं तिला वाटलं.

नोव्हेंबरच्या शेवटी स्किपोल विमानतळावर तिनं त्यांना निरोप दिला. चेक-इनच्या रांगेत ते म्हणाले, "पोवळ्यांचं वाईट झालं. माझ्या हातून व्हायला नको होतं." ती म्हणाली, "सोडा हो ते." बाबा आत गेले.

पोवळी मरतच राहिली. डिसेंबरात निम्मीही उरली नाहीत. इंटरनेटवरच्या एका ग्रुपमधून तिला विलेम नावाच्या माणसाचा पत्ता मिळाला. हार्लेमला राहणारा हा निवृत्त पोस्टमन तीस वर्षं पोवळी वाढवत होता. टाकीचं पाणी आणि तुझा तपासणीचा डबा, दोन्ही घेऊन ये, असं त्यानं कळवलं.

शनिवारी ती ट्रेननं गेली. विलेमनं तिला कॉफी दिली, पाण्याची बाटली खिडकीशी नेली आणि आपल्या किटनं तपासलं. मग दुसऱ्या कंपनीच्या किटनं.

"अकरा पूर्णांक दोन," तो म्हणाला. "तू तर आठ म्हणत होतीस."

"माझ्या किटनं आठच येतात."

"त्या किटची परीक्षा घेतलीस कधी?"

विलेमनं फडताळातून एक बाटली काढली. आकडा आधीच माहीत असलेलं पाणी होतं ते, किट पारखण्यासाठी त्यानं करून ठेवलेलं. तिच्या डब्यातल्या बाटलीनं त्याचा आकडा जेवढा यायला हवा त्याच्या पाऊण पटीहूनही कमी आला. त्यानं बाटलीचं टोपण फिरवून बघितलं.

"हे नीट बसतच नाही. आतलं पाणी उडालंय, द्रावण दाट झालंय. होतं असं कधीकधी. कुणी आधी तपासलं असतं तर बरं झालं असतं."

"माझ्या वडिलांनी तपासलं होतं," पद्मजा म्हणाली. "ऑक्टोबरात."

"मग?"

तिनं कप खाली ठेवला आणि आपला डबा बंद केला.

हार्लेमच्या स्टेशनावर गाडीला वीस मिनिटं होती. सांगलीत संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. तिनं फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे सोड्याच्या पाण्याचे सहा आले होते ते मी बरोबर वाचले होते?" बाबांनी विचारलं.

"बरोबर होते. तुमचं सगळंच बरोबर होतं."

"बरं झालं कळलं. आता डोस बंद कर. पण एकदम खाली आणू नकोस, जी उरलीत तीही जातील. आपसूक उतरू दे."

"बाबा, मी तुम्हाला तसं बोलायला नको होतं."

"तू काळजीत होतीस."

"नाही, मी वाईट बोलले. मंगळवारी कॉलेजात सांगा सगळ्यांना, तुमच्या मुलीनं कशी माती खाल्ली ते."

पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता. तो बाबांनी बंद केला.

"कॉलेज सोडलं मी. आल्या आल्याच. शर्मिला मॅडमना किल्ली देऊन आलो."

"का?"

"पद्मा, पोरांच्या हातात आपण ॲसिड देतो. बाटलीवर मी लिहिलेला आकडा बघून ती विश्वासानं ओततात. मला दिसत नसेल तर तिथे उभं राहायचा मला काय अधिकार?"

"पण तुम्हाला दिसत होतं! आत्ता सांगितलं ना मी!"

"ते आज कळलं. दोन महिने मी प्रत्येक गोष्टीकडे बघून विचार करतोय की हे आहे तसंच मला दिसतंय का. ती सवय लागली की लागली. डॉक्टरांनी तर डोळे ठीक सांगितले. उजवा अगदी स्वच्छ, डाव्याला वेळ आहे म्हणाले. तरी पण."

गाडी आली. पद्मजा तिच्यात चढली नाही.

सोमवारी तिनं शर्मिला मॅडमना फोन केला. त्या केमिस्ट्रीच्या हेड होत्या. "आम्ही किती विनवण्या केल्या," त्या म्हणाल्या. "काका ऐकेनात. आता आम्ही तयार द्रावणं विकत आणतो. पण ते येत असतील तर आजही या म्हणावं." पद्मजानं बाबांना तसं सांगितलं, मग आर्जव केलं, मग फोनवर रडली. जानेवारीत जाऊन बघतो, असं ते म्हणाले.

तोवर टाकीत तीन पोवळी उरली होती. ती हळूहळू सावरत होती. मेलेल्या सांगाड्यांवर हिरवट शेवाळ चढलं होतं, ते तिनं एका रविवारी बादलीत काढून ठेवलं.

जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी बाबा कॉलेजात गेले. संध्याकाळी तिनं मोठ्या आशेनं फोन केला.

"कसं झालं?"

"छान स्वागत केलं. नवीन पोरगी आहे असिस्टंट, हुशार आहे. एक बाटली केली मी."

"मग?"

"केली. मग तिला म्हटलं, जरा तू तपास. तिनं तपासलं, बरोबर होती. मग मी पुन्हा तपासली. मग पुन्हा तिला सांगितलं. असं करत बारा वाजले. पोरं बाहेर खोळंबली होती." ते थोडं हसले. "तिच्या तोंडावर दिसत होतं गं. चांगली मुलगी आहे, बोलली काही नाही."

"गुरुवारी जाल ना?"

"नको. आता पुरे."

बाबांनी विषय बदलून विचारलं, तिकडे थंडी किती आहे, हिटर नीट चालतोय ना, जेवलीस का. ती एकेक उत्तर देत गेली. मग ते म्हणाले, गॅसवर दूध ठेवलंय, ठेवतो. आणि त्यांनी फोन ठेवला.